कोपर हलतं, पण केव्हा?

स्नूकर शिकायला लागलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात एक सल्ला हमखास मिळतो: ‘कोपर हलवू नकोस.’ पुण्याच्या जिमखान्यात मिळतो, मुंबईच्या क्लबात मिळतो, गल्लीतल्या पूल पार्लरमध्ये शेजारच्या टेबलावरचा अनोळखी खेळाडूही तो देऊन जातो. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. तो शब्दशः पाळायला गेलेले कित्येक हौशी खेळाडू हात आखडतात, खांदा ताठ करतात आणि वर्षभरानंतर आधीपेक्षा वाईट खेळू लागतात. मग कुणीतरी टीव्हीवरच्या सामन्यातला संथ गतीचा तुकडा दाखवतो. त्यात जगातला नामांकित खेळाडू जोरदार फटका मारतो आणि त्याचं कोपर चांगलं चार बोटं खाली येताना दिसतं. आता विश्वास कशावर ठेवायचा?

या गोंधळाचं उत्तर आहे, आणि ते शाळेतल्या भूमितीत सापडतं. कोपर दोन तऱ्हांनी हलतं. एक, वरखाली. दोन, आतबाहेर. या दोन हालचालींचे परिणाम वेगळे, कारणं वेगळी आणि इलाजही वेगळे. ‘हलवू नकोस’ म्हणणारा माणूस बहुधा दोन्ही एकाच पिशवीत भरतो. शिकणाऱ्याचं नुकसान तिथे होतं.

आधी हे पाहू, की या खेळात इतक्या बारीक गोष्टीला एवढं महत्त्व का. पूर्ण आकाराच्या स्नूकर टेबलाचा खेळाचा भाग जवळजवळ बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद असतो. बॉलचा व्यास साडेबावन्न मिलिमीटर. समजा पांढरा बॉल आणि लाल बॉल यांच्यात सहा फुटांचं अंतर आहे आणि लाल बॉलच्या पुढे तीन फुटांवर अगदी सरळ रेषेत पॉकेट आहे. पांढरा बॉल ठरलेल्या रेषेपासून अंशाच्या फक्त दहाव्या भागाइतका तिरका निघाला, तर लाल बॉलपर्यंत पोचताना तो तीन मिलिमीटर बाजूला गेलेला असतो. एवढ्याने काय होतं, असं वाटेल. पण धडक गोलाची गोलाशी असते. तीन मिलिमीटर बाजूने धडकलेला बॉल समोरच्या बॉलला जवळजवळ साडेतीन अंश तिरपा पाठवतो. म्हणजे मूळची चूक चौतीस पटींनी वाढली. तीन फूट गेल्यावर लाल बॉल पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त भरकटलेला असतो, आणि पॉकेटच्या तोंडात बॉलच्या दोन्ही बाजूंना दोन सेंटिमीटरचीही मोकळी जागा नसते.

हाच हिशेब उलट दिशेने, हातापर्यंत नेला तर आणखी धसका बसतो. टेबलावर पसरलेल्या डाव्या हाताच्या ब्रिजपासून, म्हणजे क्यू टेकवायच्या आधारापासून, उजव्या मुठीपर्यंत साधारण पंच्याऐंशी सेंटिमीटर अंतर असतं. ऐन फटक्याच्या क्षणी मूठ एकच मिलिमीटर बाजूला सरकली, तरी क्यूची दिशा इतकी बदलते की वर सांगितलेला पॉट चुकतो. बॉलला नकळत लागणारी साइड, म्हणजे बाजूची फिरकी, यात थोडी भर घालते किंवा थोडी घट करते, ती इथे सोडून दिली आहे. हिशेब ढोबळ आहे, पण एकूण चित्र खरं आहे. मुठीला या मिलिमीटरच्या शिस्तीत ठेवणारा सांधा म्हणजे कोपर.

कोपर मुळात बिजागरीचा सांधा आहे. दंडाचं हाड आणि हातातलं आतलं हाड यांची बिजागरी एकाच पातळीत उघडते आणि मिटते. स्नूकरच्या फटक्याला हे फार सोयीचं आहे. दंड स्थिर ठेवला आणि फक्त कोपरापासूनचा हात झुलवला, तर मूठ घड्याळाच्या लंबकासारखी एका उभ्या पातळीत येजा करते. पण लंबक वर्तुळाच्या कमानीत फिरतो. क्यूला मात्र सरळ रेषेत जायचं असतं. कोपराबद्दलचा सगळा वाद या दोन वाक्यांमधल्या फटीतला आहे.

कोपर ते मूठ हे अंतर सुमारे पस्तीस सेंटिमीटर धरा. हात अगदी लंब असताना मूठ कमानीच्या सर्वांत खालच्या बिंदूवर असते. तिथून ती पंधरा सेंटिमीटर पुढे गेली आणि कोपर जागचं हललं नाही, तर मूठ साडेतीन सेंटिमीटर वर चढते. मूठ वर गेली की क्यूचं पुढचं टोक खाली जातं, कारण क्यू मधेच ब्रिजवर टेकलेला असतो. होडी वल्हवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. वल्हं काठावर जिथे टेकतं तो बिंदू जागेवर राहतो, हात खाली दाबला की पाण्यातलं पातं वर येतं आणि हात उचलला की पातं बुडतं. क्यूचं तसंच आहे. मूठ साडेतीन सेंटिमीटर वर गेली तर टिप सुमारे दोन सेंटिमीटर खाली येते. बॉलचा मध्य कापडापासून जेमतेम सव्वीस मिलिमीटर उंचीवर असतो, म्हणजे टिप जवळजवळ कापडाला टेकते. कोपर खिळवून खेळणाऱ्या खेळाडूंचा क्यू फटक्याच्या शेवटी कापडावर येऊन थांबलेला दिसतो, तो यामुळेच.

त्याने बिघडलं काही? नाही. कारण तोवर बॉल निघून गेलेला असतो.

ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. चामड्याची टिप बॉलला चिकटून राहते ती सेकंदाच्या एक-दोन हजारांश भागाइतका वेळ. तेवढ्यात क्यू काही मिलिमीटरच पुढे जातो. त्यानंतर कोपर खाली येवो, वर जावो की तिथेच राहो, बॉलला त्याची दखल नसते. मग फॉलो थ्रूचा एवढा आग्रह का धरतात? कारण हात एका क्षणात वेग बदलू शकत नाही. फटक्यानंतर जे दिसतं त्याची सुरुवात बहुतेक वेळा फटक्याआधी झालेली असते. क्यू पुढे आरपार जाऊ देणाऱ्या खेळाडूचा हात बॉलला भिडताना वेग घेत असतो. भिडल्यावर झटकन थांबणाऱ्याने ब्रेक आधीच लावलेला असतो.

म्हणून वरखाली हालचालीबाबतचा प्रश्न ‘कोपर खाली येतं का?’ असा नाही, ‘केव्हा येतं?’ असा विचारायला हवा. बॉल सुटल्यावर कोपर खाली आलं, तर मूठ कमानीत वर न चढता सरळ पुढे जाते, क्यू लांबवर आडवा राहतो आणि जोरदार फटक्यात हाताला अडथळा होत नाही. व्यावसायिक खेळाडूंच्या लांब, ताकदीच्या फटक्यांत दिसणारं कोपर हे असं असतं. याच्या उलट, टिप बॉलला भिडण्याआधीच कोपर पडायला लागलं, तर मूठ खाली जाते आणि टिप वर उचलली जाते. स्क्रूसाठी बॉलच्या तळाशी लावलेला नेम मध्याजवळ जाऊन बसतो. पांढरा बॉल मागे फिरायच्या ऐवजी जागीच थांबतो, किंवा लाल बॉलच्या मागे ओशाळल्यासारखा दोन इंच चालत जातो. ‘माझा स्क्रू होत नाही’ अशी तक्रार करणाऱ्या खेळाडूंनी मनगट आणि ताकद यांच्यामागे लागण्याआधी हे तपासावं.

तपासायचं कसं, ते अवघड नाही. टिप बॉलच्या अगदी जवळ नेऊन थांबा आणि बाजूला उभ्या असलेल्या कुणाला तरी पाहायला सांगा. त्या स्थितीत कोपरापासून मुठीपर्यंतचा हात जमिनीशी काटकोनात, लंब असायला हवा. म्हणजे टिप बॉलला भिडते त्या क्षणी मूठ कमानीच्या तळाला असते, ना चढत ना उतरत. मूठ कोपराच्या पुढे गेलेली असेल, तर भिडताना ती वर चढत असते आणि टिप खाली दबते. पकड इंच-दीड इंच मागे न्यावी. मूठ कोपराच्या मागे राहत असेल, तर उलट करावं. अनेकांचा कोपराचा दोष खरं तर पकडीच्या जागेचा दोष असतो आणि तो एका संध्याकाळी सुटतो. ब्रिज आणि बॉल यांच्यातलं अंतर बदललं की हे गणितही बदलतं, त्यामुळे ते अंतर दर फटक्याला शक्यतो सारखं ठेवावं.

वरखाली हालचालीत आणखी एक चोर दडलेला असतो, आणि तो म्हणजे मूठ. मागे झोका घेताना मूठ कमानीत वर चढते. तेव्हा मागची दोन-तीन बोटं सैल सुटली, तर क्यू आडवा राहतो. मूठ गच्च आवळलेली असेल, तर क्यूचा मागचा भाग मुठीबरोबर उचलला जातो. ते टाळायला खांदा आणि कोपर धडपड करतात. कोपर नाचतंय म्हणून कोपराला दामटवणारा शिक्षक आणि बोटं सैल करायला सांगणारा शिक्षक, यांच्यात दुसरा खरा जाणकार.

आता दुसरी हालचाल: आतबाहेर. इथे केव्हा-बिव्हाचा प्रश्न नाही. खेळाडूच्या बरोबर मागे उभं राहून पाहिलं, तर कोपर, मनगट आणि क्यू एका उभ्या पातळीत दिसले पाहिजेत. कोपर बाहेर फेंगडलेलं असेल किंवा पाठीमागे आत शिरलेलं असेल, तर बिजागरीची पातळी क्यूच्या रेषेशी तिरकी होते. मग मूठ सरळ न जाता किंचित आडवी वाहते. आणि आडव्या एका मिलिमीटरची किंमत किती, ते वर पाहिलंच.

पण इथे रे रिअर्डन आडवे येतात. वेल्सचा हा खेळाडू १९७० साली पहिल्यांदा आणि १९७८ साली सहाव्यांदा जगज्जेता झाला. त्यांचं कोपर पुस्तकातल्या चित्राप्रमाणे क्यूच्या वर नव्हतं. ते स्पष्टपणे बाहेर आलेलं असायचं. म्हणजे नियम खोटा ठरला का? नाही ठरला. रिअर्डन यांनी त्या वाकड्या कोपरातूनही दर वेळी तोच, तसाच फटका काढण्याची सवय लावून घेतली होती. वाकडेपणा कायम एकसारखा असेल, तर शरीर त्याची भरपाई शिकतं. पण त्यासाठी लागणारा सराव आणि जन्मजात जाण प्रत्येकाकडे नसते, आणि दबावात सगळ्यांत आधी मोडते ती हीच भरपाई. रिअर्डन यांचं उदाहरण कौतुकाचं आहे; नवख्याने त्याला आपल्या फेंगड्या कोपराचं समर्थन बनवू नये.

जो डेव्हिस यांचं उदाहरण अधिक शिकवणारं आहे. १९२७ ते १९४६ या काळात पंधरा वेळा विश्वविजेते ठरलेल्या या इंग्लिश खेळाडूची उजव्या डोळ्याची नजर अधू होती. ते उजव्या हाताने खेळत, पण क्यू डाव्या डोळ्याखालून जाई. क्यूची जागा डोळा ठरवतो, आणि क्यू जिथे जाईल तिथे हाताला जुळवून घ्यावं लागतं. आपला बलवान डोळा कोणता हे ठाऊक नसलेला खेळाडू नाकासमोर क्यू धरायला जातो, डोळा त्याला गुपचूप एका बाजूला खेचतो आणि कोपर रेषेबाहेर जातं. शिक्षक कोपर पाहतो, पण दोष पुढे, भुवईखाली असतो.

बाहेर गेलेल्या कोपराची बाकीची कारणंही अशीच दूरची असतात. उजवं पाऊल फटक्याच्या रेषेवर नसेल, तर कंबर आड येते आणि क्यूला वाट देण्यासाठी कोपर बाहेर पडतं. मनगट आत मुरडलेलं असेल, तरी तेच. लहान मुलांचं प्रकरण आणखी वेगळं आहे. टेबलाची उंची ८५ ते ८८ सेंटिमीटरच्या दरम्यान असते. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला त्यावर वाकायला जागाच उरत नाही, त्यामुळे त्याचं कोपर खांद्याच्या वर आणि बाहेर जातं. अशा मुलाचं कोपर ओढून सरळ करणं हा अन्याय आहे. त्याला पायाखाली बसका पाट द्यावा, लहान क्यू द्यावा आणि उंची वाढेपर्यंत त्याच्या आनंदाला हात लावू नये.

म्हणूनच क्रम महत्त्वाचा. आधी पाऊल, मग कंबर, मग डोळा आणि हनुवटी, मग मनगट आणि बोटं, आणि शेवटी कोपर. कोपराला थेट हुकूम दिला की ते ताठरतं आणि ताठरपणा खांद्यात चढतो.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. स्नूकरचा जन्मच आपल्या शेजारचा: १८७५ साली, नागपूर राजधानी असलेल्या त्या वेळच्या मध्य प्रांतात, जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण ब्रिटिश अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत बॉल वाढवून हा खेळ सुरू केला. पुढे आपल्याकडे गाजलं ते मात्र आधी बिलियर्ड्स. पुण्यात १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे विश्वविजेते झाले. वैयक्तिक खेळात जगज्जेता ठरलेला हा पहिला भारतीय. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी ते विजेतेपद पुन्हा जिंकलं. बारा वेळा राष्ट्रीय बिलियर्ड्स विजेता ठरलेला हा माणूस पुढे प्रशिक्षक म्हणूनही मोठा झाला आणि १९९६ साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. त्यांच्यानंतर मुंबईच्या मायकल फरेरा यांनी १९७७, १९८१ आणि १९८३ साली हौशी बिलियर्ड्सचं विश्वविजेतेपद पटकावलं.

बिलियर्ड्सची ही परंपरा कोपराच्या दृष्टीनेही पाहण्यासारखी आहे. तीन बॉलच्या त्या खेळात मोठी खेळी उभी राहते ती हलक्या, आखूड फटक्यांवर. हात काही इंचच झुलतो, आणि तेवढ्या झुल्यात कमानीची चढउतार नगण्य असते. दहा सेंटिमीटरच्या झुल्याला मूठ दीड सेंटिमीटर चढते, पाच सेंटिमीटरच्या झुल्याला चार मिलिमीटरसुद्धा नाही. तिथे कोपर खिळवून ठेवणं सोपं आणि योग्यही. स्नूकरमध्ये मात्र त्याच खेळाडूला टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांब पॉट मारून पांढरा बॉल परत आणावा लागतो. तिथे हाताला मोकळीक हवी. जुन्या पिढीतल्या बिलियर्ड्स शिक्षकांचा ‘कोपर हलवू नकोस’ हा धडा त्यांच्या खेळापुरता अचूक होता. स्नूकरमध्ये येताना त्याला ‘बॉल सुटेपर्यंत’ ही पुस्ती जोडायला हवी होती.

दोन्ही खेळ एकाच हाताने खेळता येतात, याचा पुरावा म्हणजे पंकज अडवाणी. त्यांचा जन्म १९८५ साली पुण्यातला, घडण बेंगळुरूमध्ये अरविंद सवूर यांच्या हाताखालची. २००३ साली चीनमध्ये ते हौशी स्नूकरचे विश्वविजेते झाले, २००५ साली माल्टात बिलियर्ड्सचे गुणांचा आणि वेळेचा असे दोन्ही प्रकार जिंकले आणि २०२४ अखेर दोन्ही खेळ मिळून त्यांच्या नावावर २८ जागतिक विजेतेपदं होती. आखूड झुल्याच्या खेळातून लांब झुल्याच्या खेळात असं पुन्हा पुन्हा ये-जा करायची, तर हाताला केवळ एक सवय असून भागत नाही. फटक्यागणिक किती मोकळं व्हायचं याची समज लागते.

मुंबईच्या यासिन मर्चंट यांनी १९८९ साली आशियाई स्नूकर स्पर्धा जिंकली, आणि पुन्हा २००१ साली जिंकली. बारा वर्षांत नजर बदलते, शरीर बदलतं, टेबलांचं कापडही बदलतं. एवढ्या अंतराने तेच शिखर गाठणाऱ्या खेळाडूच्या हातात एक पक्की, पुन्हा उभी करता येणारी पद्धत असलीच पाहिजे. मुंबईच्याच आदित्य मेहता यांनी २०१३ साली कोलंबियातल्या काली शहरात जागतिक क्रीडा स्पर्धांचं सुवर्णपदक घेतलं, त्याच वर्षी इंडियन ओपनची अंतिम फेरी गाठली आणि २०१४ साली जर्मनीतल्या फ्युर्थमध्ये १४७ गुणांची खेळी केली. व्यावसायिक स्पर्धेत अशी खेळी करणारे ते पहिले भारतीय. १४७ म्हणजे सलग ३६ पॉट: पंधरा लाल, प्रत्येक लालनंतर काळा, मग सहा रंग. छत्तीस वेळा हात त्याच पातळीत झुलला पाहिजे, आणि शेवटच्या पाच-सहा वेळा तर धडधडत्या छातीने. अशा वेळी ‘कोपर कुठे आहे’ असा विचार करणाऱ्याची खेळी तिसाव्या पॉटला संपते. विचार सरावात करून टाकायचा असतो.

सरावाचा विचार सामन्यात शिरला तर काय होतं, याचं सर्वांत वेदनादायक उदाहरण स्टीफन हेन्ड्री. नव्वदच्या दशकात सात वेळा विश्वविजेता झालेला हा स्कॉटिश खेळाडू कारकिर्दीच्या उत्तरार्धात क्यू पुढे मोकळा सोडू शकेनासा झाला. ऐन क्षणी हात कचरायचा. हे त्याने स्वतः उघडपणे सांगितलं आहे. २०१२ साली निवृत्त होतानाच्या विश्वस्पर्धेतही त्याने १४७ ची खेळी केली. म्हणजे कौशल्य शाबूत होतं, पण हाताचा विश्वास गेला होता. हौशी खेळाडूने यातून एवढं घ्यावं, की एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि ज्या आठवड्यात स्पर्धा असेल त्या आठवड्यात काहीच बदलू नये.

बदल नेमका करायचा कसा, त्याला फार साधनं लागत नाहीत. मोबाइलचा कॅमेरा खेळाडूच्या मागे, क्यूच्या रेषेत ठेवून संथ गतीत चित्रण करा. दुसरं चित्रण बाजूने, कोपराच्या उंचीवरून. मागच्या चित्रात आतबाहेर दिसेल, बाजूच्या चित्रात वरखाली. बाजूच्या चित्रात टिप बॉलला भिडते ती फ्रेम थांबवून पाहा, कोपर तोवर खाली यायला लागलंय का. मग जुनी कसोटी: पांढरा बॉल तपकिरी बॉलच्या खुणेवर ठेवून निळ्या, गुलाबी आणि काळ्या खुणांवरून सरळ पाठवा. समोरच्या कुशनवर आपटून तो परत टिपेवर आला पाहिजे. बाजूला परतला, तर नकळत साइड लागली किंवा रेष चुकली. ही कसोटी कुणाच्याही मतापेक्षा प्रामाणिक आहे. रोज वीस-पंचवीस फटके मारावेत, हळू वेगापासून सुरुवात करून. जोर वाढवल्यावर बॉल भरकटायला लागला, की दोष कुठल्या वेगाला जागा होतो ते कळतं. नवी सवय बसताना पहिले दोन-तीन आठवडे खेळ बिघडतो. तो काळ सोसावा लागतो, आणि बहुतेक जण नेमके तिथेच जुन्या सवयीकडे परततात.

राहिला प्रश्न टेबलाचा. दिघीसारख्या बंदरात राहणाऱ्या मुलामुलींचं काय? राजपुरी खाडीच्या मुखाशी, जंजिऱ्यासमोरचं हे गाव. आगरदांड्याहून फेरीबोट लागते, मोठं बंदर आहे. पण पाच जड दगडी फरश्यांचं, टनापेक्षा जास्त वजनाचं बारा फुटी टेबल अशा ठिकाणी सहज मिळत नाही. मात्र कोपराचा सराव टेबलावाचून होतो. स्वयंपाकघराचा ओटा उंचीला जवळजवळ स्नूकर टेबलाइतकाच असतो. ओट्यावर पाण्याची रिकामी बाटली आडवी ठेवून ती हलणार नाही अशी टेकवावी, तोंडासमोर वीतभर अंतरावर ब्रिज करावा, आणि क्यूचं टोक बाटलीच्या गळ्यातून आतबाहेर न्यावं. क्यू नसेल तर सरळ, गुळगुळीत काठीही चालते. टोक गळ्याच्या डाव्या-उजव्या कडेला लागलं तर कोपर आडवं हलतंय. वरच्या-खालच्या कडेला लागलं तर मूठ, पकडीची जागा किंवा अवेळी पडणारं कोपर तपासावं. झोका आधी आखूड ठेवावा. एक फुटाचा झोका कुठेही न घासता जमायला लागला, की शहरातल्या टेबलावर पहिल्याच दिवशी तो हात इतरांपेक्षा पुढे असेल.

किनाऱ्यावरच्या गावातून या विद्येत मोठं होता येतं, हेही घडलेलं आहे. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर फ्लीटवूड नावाचं मासेमारीचं बंदर आहे. तिथल्या फ्रँक कॅलन यांचा व्यवसाय मासळी विकण्याचा. फटक्याचं शास्त्र त्यांनी इतक्या बारकाईने अभ्यासलं की स्टीव्ह डेव्हिस आणि स्टीफन हेन्ड्री यांच्यासारखे विश्वविजेते आपला हात दाखवायला त्यांच्याकडे जात.

महाराष्ट्रातल्या क्लबांनी आणि पार्लरचालकांनी एक साधं काम करावं. टेबलाच्या एका टोकाला, क्यूच्या रेषेत, मोबाइल टेकवायला एक स्टँड लावून ठेवावा. ताशी भाडं भरून खेळणाऱ्या मुलांना प्रशिक्षक परवडत नाही. स्वतःचं कोपर दिसलं, तर निदान चूक कुठली आहे ते तरी कळेल. आणि खेळताना कोपराच्या बाहेरच्या बाजूला सतत दुखत असेल, तर ते तंत्राच्या खात्यात टाकून सराव वाढवू नका. आधी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा, मग प्रशिक्षकाला.